पाय उंच ठेवायचा की खाली सोडायचा? शिरा आणि धमन्यांच्या विकारांविषयी

पाय दुखतात, संध्याकाळी जड होतात, घोट्याशी सूज येते, रात्री पोटरीत गोळा येतो किंवा नडगीच्या खालच्या भागातली जखम महिनोन्‌महिने भरत नाही, अशा तक्रारी ऐकल्या की आपण सरसकट ‘रक्ताभिसरण नीट होत नाही’ असे म्हणून मोकळे होतो. हे म्हणणे चुकीचे नसले तरी अपुरे आहे, कारण रक्ताला जाण्याची वाट वेगळी आणि परतीची वेगळी. हृदयाकडून पायाकडे रक्त नेणाऱ्या त्या धमन्या आणि पायाकडून हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या त्या शिरा. बिघाड नेमका कोणत्या वाटेवर आहे हे ठरल्याशिवाय उपचाराचा एकही निर्णय घेऊ नये, कारण दोन्हीकडचे उपाय बरेचदा एकमेकांच्या नेमके उलट असतात. शिरांच्या विकारात पाय उंच ठेवला की आराम पडतो. धमन्यांच्या गंभीर विकारात तोच पाय उंच ठेवला की वेदना वाढते आणि पलंगावरून खाली सोडला की ती थोडी निवते. शिरांच्या विकारात बाहेरून दिलेला दाब हेच औषध असते. धमन्या अरुंद झालेल्या पायावर तसाच दाब दिला, तर मुळात तोकडा असलेला रक्तपुरवठा आणखी आटतो.

आमच्या कुटुंबात हे दोन्ही विकार एकाच काळात निघाले, म्हणून हा फरक मला फार जवळून पाहता आला. मी शिक्षिका. वर्षानुवर्षे फळ्यासमोर उभे राहून शिकवले, आणि माझ्या डाव्या पायाच्या शिरा गुडघ्यापासून घोट्यापर्यंत फुगून वेड्यावाकड्या झाल्या होत्या. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, चालताना पोटरीत कळ यायची. मला घट्ट मोज्यांनी बरे वाटते हे पाहून घरातल्यांनी आणि शेजाऱ्यांनी त्यालाही तेच मोजे घालायला सांगितले. सल्ला मायेपोटी दिलेला होता. सुदैवाने मोजे आणण्यापूर्वी त्याच्या पायाची तपासणी झाली, आणि डॉक्टरांनी मोज्यांना स्पष्ट नकार दिला. त्या दिवसापासून मी या विषयाचे जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते एका ठिकाणी लिहून ठेवावे असे फार दिवस मनात होते.

परतीच्या वाटेपासून सुरुवात करते, कारण ती अधिक अवघड आहे. धमन्यांमधल्या रक्तामागे हृदयाच्या ठोक्याचा जोर असतो. तेच रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून शिरांमध्ये उतरते तेव्हा तो जोर जवळजवळ संपलेला असतो, आणि उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंतची सारी चढण रक्ताला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढायची असते. आपण निश्चल उभे असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरांमधला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. मात्र चालायला लागल्यावर काही पावलांतच निरोगी पायात तो ३० च्या खाली येतो. पोटरीचे स्नायू आवळले की त्यांच्यामधल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. स्नायू सैल झाले की रिकाम्या झालेल्या त्या शिरा त्वचेखालच्या शिरांमधले रक्त आत ओढून घेतात. पोटरीला डॉक्टर दुसरे हृदय म्हणतात ते यासाठीच. पण स्नायूंनी वर ढकललेले रक्त पुन्हा खाली घसरू नये याची व्यवस्था शिरांच्या आत आहे. ठरावीक अंतरावर दोन नाजूक पाकळ्यांच्या झडपा असतात. रक्त वर जाताना त्या उघडतात आणि खाली येऊ लागले की मिटतात.

या झडपांचे सविस्तर वर्णन इटलीतल्या पादुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १६०३ साली प्रसिद्ध केले. झडपा त्यांनी पाहिल्या, रेखाटल्या, पण रक्त शिरांमधून हातापायांकडे जाते अशी त्या काळची समजूत असल्यामुळे त्या कशासाठी आहेत हे त्यांना उमगले नाही; खाली जाणाऱ्या रक्ताचा वेग आवरण्यासाठी त्या असाव्यात असे त्यांनी मानले. त्यांचे विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा या झडपांचाच पुरावा म्हणून उपयोग केला. तो प्रयोग आजही कोणालाही स्वतःच्या हातावर करता येतो, आणि मी तो वर्गात मुलांना अनेकदा करून दाखवला आहे. कोपराच्या वर रुमाल जरा घट्ट बांधला की पुढच्या हातावरच्या शिरा टरारून वर येतात आणि मध्ये मध्ये बारीक गाठीसारखे फुगवटे दिसतात. झडपा तिथे असतात. एका फुगवट्याच्या खाली शिरेवर एक बोट दाबून ठेवायचे आणि दुसऱ्या बोटाने रक्त वरच्या दिशेने, पुढच्या फुगवट्याच्या पलीकडे सारायचे. मधला तुकडा सपाट होतो आणि सपाटच राहतो. वरून रक्त उलटे ढकलू पाहिले तरी ते झडपेपाशी अडते. खालचे बोट उचलताच मात्र तो तुकडा खालून क्षणात भरतो. नंतर रुमाल लगेच सोडायचा. रक्त एकाच दिशेने चालते हे इतक्या साध्या कृतीने डोळ्यांना दिसते, याचे मला दर वेळी नवल वाटते.

शिरांचा नेहमीचा विकार म्हणजे या झडपा नीट न मिटणे. त्वचेखालून जाणारी सर्वांत लांब शीर घोट्याच्या आतल्या बाजूने निघते, गुडघ्याच्या आतल्या अंगाने मांडीत चढते आणि जांघेत खोल शिरेला मिळते. तिला मोठी सॅफेनस शीर म्हणतात. दुसरी, छोटी सॅफेनस, बाहेरच्या घोट्याच्या मागून पोटरीच्या मध्यावरून गुडघ्यामागे जाते. जांघेतली झडप निकामी झाली की वरच्या रक्ताचा भार तिच्या खालच्या झडपेवर येतो. त्या भाराने शीर रुंदावते, रुंदावली की त्या झडपेच्या पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत, आणि मग भार आणखी खाली सरकतो. पोटरीवर दिसणारी वेटोळी हा या घसरणीचा शेवटचा, डोळ्यांना दिसणारा भाग असतो. मूळ बरेचदा वर जांघेत असते, आणि तिथे बाहेरून काहीही दिसत नाही.

असे कोणाला होते? आईवडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता बरीच वाढते. वय, लठ्ठपणा, दीर्घकाळ उभे राहण्याचे काम ही कारणे आहेतच. गर्भारपणात संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती सैल होतात, रक्ताचे एकूण प्रमाण वाढते आणि वाढत्या गर्भाशयाचा ओटीपोटातल्या शिरांवर दाब पडतो, त्यामुळे अनेक स्त्रियांना पहिल्यांदा त्याच काळात शिरा दिसू लागतात. बाळंतपणानंतर त्यांतल्या बऱ्याच ओसरतातही. पायावर पाय टाकून बसल्याने शिरा फुगतात असे सर्रास सांगितले जाते, पण त्याला भक्कम पुरावा नाही.

हा विकार दिसण्यापुरता आहे असे मानण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिच्याविषयी मला मनापासून बोलायचे आहे. अनेकांच्या बाबतीत तो खरोखरच तेवढ्यावर थांबतो, आणि फक्त फुगलेल्या शिरा आहेत, दुसरा काहीच त्रास नाही, तर घाबरण्याचे कारण नसते. परंतु काहींच्या बाबतीत वाढलेला दाब शिरेच्या आत राहत नाही, तो केशवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. त्यांच्या भिंतींतून पाणी पाझरते आणि संध्याकाळी घोट्याशी सूज दिसते. पुढे तांबड्या पेशीही बाहेर पडू लागतात. त्या फुटल्यावर त्यांच्यातले लोह त्वचेत साठते आणि घोट्याच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग उमटतो. डागाच्या जागी खाज सुटते, त्वचा कोरडी पडते, इसब होते. वर्षे लोटली की त्वचेखालची चरबी आक्रसून कडक होते आणि पाय घोट्यापाशी बारीक, वर रुंद असा, उलट्या ठेवलेल्या बाटलीच्या आकाराचा दिसू लागतो. अशा त्वचेला किरकोळ खरचटले तरी व्रण होतो आणि तो भरत नाही.

डॉक्टर या सगळ्या पायऱ्या सीईएपी नावाच्या वर्गीकरणाने मोजतात. हे वर्गीकरण १९९४ साली ठरले आणि पुढे सुधारले गेले. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा म्हणजे सी-१, उभे राहिल्यावर ३ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद होणारी फुगीर शीर म्हणजे सी-२, सूज म्हणजे सी-३, त्वचेतले बदल म्हणजे सी-४, भरलेला व्रण सी-५ आणि उघडा व्रण सी-६. आपण कोणत्या पायरीवर आहोत हे रुग्णाने डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण सी-२ आणि सी-४ यांच्यामधली रेघ महत्त्वाची आहे. त्वचा बदलू लागली की विषय दिसण्याचा उरत नाही.

माझ्या घोट्याचा डाग मी बराच काळ त्वचेचा आजार समजून उपचार घेत होते. एकाने नायट्याचे मलम दिले, दुसऱ्याने ॲलर्जीचे. खाज काही दिवस थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. या सगळ्या काळात मला उभे करून पूर्ण पाय कोणीही पाहिला नाही. मी खुर्चीवर बसायचे, पाय पुढे करायचे आणि तपासणी घोट्यापाशी संपायची. त्याविषयीची माझी तक्रार आजही कायम आहे. घोट्याच्या आतल्या बाजूचा जुना डाग किंवा बरा न होणारा इसब दिसला, तर रुग्णाला उभे करून जांघेपर्यंत पाय पाहायला एक मिनिटही लागत नाही.

अखेर रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांनी डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह दाखवणारी तपासणी, केली. ही तपासणी उभ्यानेच करतात, कारण झोपल्यावर गुरुत्वाकर्षणाचा भारच नाहीसा होतो आणि गळकी झडपही शहाण्यासारखी वागते. वजन उजव्या पायावर घेऊन डावा पाय थोडा पुढे, गुडघ्यात सैल. जांघेत थंडगार जेल लावून त्यांनी प्रोब टेकवला. पडद्यावर शिरेचा काळा गोल दिसत होता. त्यांनी दुसऱ्या हाताने माझी पोटरी दाबली, तसा तो गोल निळ्या रंगाने भरला. रक्त वर चालले होते. पोटरी सोडली, आणि निळ्याच्या जागी लाल रंग आला व तसाच राहिला, यंत्रातून वाऱ्यासारखा लांबलेला आवाज येत राहिला. निरोगी झडप असती तर ती लाल छटा अर्ध्या सेकंदाच्या आत विझली असती. त्वचेखालच्या शिरांमध्ये अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ उलटा प्रवाह टिकला तर तो दोष मानतात. मांडीतल्या आणि गुडघ्यामागच्या खोल शिरांसाठी ही मर्यादा एक सेकंदाची आहे. माझ्या पायात तो कित्येक सेकंद चालला होता. घोट्यावरच्या डागाचे कारण मला तिथे, जांघेत, ऐकू आले.

त्याच बैठकीत खोल शिराही तपासतात आणि ते वगळू देऊ नये. खोल शिरांत जुनी गुठळी असेल, त्या बुजलेल्या असतील, तर त्वचेखालच्या शिराच परतीचा मुख्य मार्ग झालेल्या असू शकतात आणि त्या बंद करण्यापूर्वी फार विचार करावा लागतो.

उपचारांमध्ये पहिला मान दाब देणाऱ्या मोज्यांचा. घोट्याशी सर्वांत अधिक आणि वर जाताना कमी होत जाणारा दाब हे त्यांचे वैशिष्ट्य; साधारण त्रासासाठी पाऱ्याचे २० ते ३० मिलिमीटर दाबाचे मोजे देतात, उघड्या व्रणासाठी थरांच्या पट्ट्यांनी घोट्याशी ४० च्या आसपास दाब ठेवतात. मोजा घोट्याचा, पोटरीचा घेर आणि पायाची लांबी मोजूनच घ्यावा. तो सकाळी, पाय सुजण्यापूर्वी घालावा: आतून उलटा करून टाच बसवायची आणि मग सुरकुती न पडू देता वर सरकवत आणायचा. वरची कड दुमडली तर दोरी बांधल्यासारखे वळ उठतात आणि दाबाचा क्रमच उलटतो. मोजे त्रास कमी करतात, सूज आवरतात, व्रण भरायला मदत करतात. पण ते झडप दुरुस्त करीत नाहीत, आणि काढले की परिणाम संपतो. शिरांच्या त्रासावर वनस्पतीजन्य गोळ्याही दिल्या जातात, डायोस्मिन हे त्यांतले परिचित नाव; जडपणा आणि सूज यांत त्यांनी थोडा फरक पडतो, फुगलेली शीर पूर्ववत होत नाही.

गळती मुळापासून थांबवायची तर ती शीर रक्तमार्गातून वगळावी लागते. पूर्वी जांघेत आणि गुडघ्यापाशी चीर देऊन तार घालून अख्खी शीर ओढून काढीत. ती शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आली आणि आजही काही ठिकाणी करावी लागते. आता बहुतेक वेळा शीर जागच्या जागी बंद करतात. सोनोग्राफीत पाहत सुईने शिरेत शिरायचे, बारीक नळी जांघेपर्यंत न्यायची आणि लेसरने किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने शीर आतून भाजत खाली यायचे. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या प्रचलित पद्धतीत नळीचे टोक १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि एका टप्प्यावर २० सेकंद थांबते. ऐकायला भयंकर वाटते, पण त्याआधी शिरेभोवती भूल आणि क्षारजल यांचे पातळ मिश्रण भरलेले असते. त्याने दुखत नाही, शीर नळीवर आवळली जाते आणि आजूबाजूच्या त्वचेला व मज्जातंतूंना उष्णतेची झळ पोहोचत नाही. मला त्या मिश्रणाच्या सुया टोचल्या तेवढेच काय ते जाणवले. मी चालत टेबलापर्यंत गेले आणि चालतच खोलीबाहेर आले. चालणे हाच पहिल्या दिवसाचा व्यायाम होता. याखेरीज औषधाचा फेस करून तो शिरेत टोचण्याची पद्धत आहे, विशेष गोंदाने शीर चिकटवण्याचीही आहे, आणि पोटरीवरची वेटोळी काही मिलिमीटरच्या छिद्रांतून हुकने काढतात.

धोके असतात. गुडघ्याखाली मज्जातंतू शिरेला अगदी लगटून असल्याने तिथे बधिरपणा राहू शकतो, त्वचेवर डाग पडू शकतो, आणि क्वचित बंद केलेल्या शिरेतली गुठळी खोल शिरेत डोकावते, म्हणून नंतर पुन्हा सोनोग्राफी करून पाहतात. वर्षांनी नव्या शिरा फुगू शकतात, कारण उपचार शिरेवर झालेला असतो, शिरा सैल असण्याच्या प्रकृतीवर नव्हे.

शीर बंद केल्यावर रक्त जाणार कुठून, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येकाने विचारला. पायातले बहुतांश रक्त खोल शिरांमधूनच परतते. त्वचेखालची बिघडलेली शीर परतीच्या कामाला मदत करण्याऐवजी वर गेलेले रक्त खाली आणून सोडत असते, म्हणून ती बंद केल्यावर पायाचे अभिसरण सुधारते.

व्रणाच्या बाबतीत मला सर्वांत अधिक कळकळ वाटते, कारण व्रण असलेली माणसे वर्षानुवर्षे नुसते ड्रेसिंग बदलत राहतात. ब्रिटनमध्ये झालेल्या दोन अभ्यासांनी या विषयाला दिशा दिली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात केवळ दाबाच्या पट्ट्या दिलेल्या रुग्णांपैकी २८ टक्क्यांना वर्षाच्या आत पुन्हा व्रण झाला, तर पट्ट्यांच्या जोडीला त्वचेखालच्या शिरांची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १२ टक्क्यांना. २०१८ सालच्या दुसऱ्या अभ्यासात ४५० रुग्ण होते. सर्वांना पट्ट्या होत्याच. ज्यांच्या गळक्या शिरा लगेच बंद केल्या, त्यांचे व्रण भरायला ५६ दिवसांचा मध्यक काळ लागला, म्हणजे निम्म्या जणांचे व्रण तेवढ्या दिवसांत भरले, आणि ज्यांची शिरेवरची प्रक्रिया पुढे ढकलली त्यांना ८२ दिवसांचा. म्हणजे व्रण आधी भरू द्या, शिरांचे मग पाहू, ही जुनी रीत आता टिकत नाही. घोट्याजवळची जखम दोन आठवड्यांत भरण्याच्या मार्गाला लागली नाही, तर मलम बदलण्यापूर्वी डॉप्लर करून घ्यावी.

आता जाण्याच्या वाटेकडे, म्हणजे दादाच्या पायाकडे वळते. धमन्यांच्या आतल्या भिंतीवर चरबी आणि चुन्याचे थर साचून त्या अरुंद होतात. धूम्रपान आणि मधुमेह ही त्याची सर्वांत बलवान कारणे, त्यांच्या जोडीला उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल. दादा अनेक वर्षे सिगारेट ओढायचा. त्याचे लक्षण अगदी ठरलेले होते: विशिष्ट अंतर चालले की पोटरीत कळ, उभे राहिले की काही मिनिटांत ती गायब, पुन्हा तेवढेच अंतर चालले की पुन्हा कळ. बसावे लागत नाही, नुसते थांबले तरी पुरते, ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण मणक्यात मज्जातंतू दबल्यामुळेही चालताना पाय दुखतात, पण तिथे बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच बरे वाटते. विकार वाढला की पाय थंड पडतो, नडगीवरचे केस विरळ होतात, बोटांवर किंवा टाचेवर जखमा होतात, आणि रात्री आडवे झाल्यावर पाऊल इतके दुखते की माणूस पाय पलंगाबाहेर लोंबकळत ठेवून झोपतो. या शेवटच्या अवस्थेत पाय वाचवण्याची घाई करावी लागते. तिथे ‘पुढच्या महिन्यात दाखवू’ चालत नाही.

त्याची पहिली तपासणी फार साधी होती. दोन्ही दंडांवर आणि दोन्ही घोट्यांवर रक्तदाबाचा पट्टा बांधून, पेन्सिलीएवढ्या डॉप्लरने नाडीचा आवाज ऐकत दाब मोजायचा आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचे. दंडावर १४० आणि घोट्यावर ८४ असेल तर उत्तर ०.६. निरोगी माणसात ते १ ते १.४ च्या दरम्यान असते, ०.९ किंवा त्याखाली आले तर धमनीत अडथळा आहे, आणि ०.५ च्या खाली तर घट्ट मोजे वर्ज्यच. मधुमेही आणि मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांमध्ये मात्र धमन्या चुन्याने कडक होऊन पट्ट्याने दबतच नाहीत आणि आकडा खोटा चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. पायाला दाबाची कोणतीही पट्टी बांधण्यापूर्वी ही मोजणी व्हावी, निदान पावलावरच्या नाड्या तरी हाताने चाचपून पाहाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

दादाच्या उपचारात पहिली अट सिगारेट सोडण्याची होती. मग कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन, रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) एकमेकींना चिकटू नयेत यासाठीची गोळी, रक्तदाबाचे औषध. या गोळ्या केवळ पायासाठी नसतात. पायाच्या धमन्या अरुंद असलेल्या माणसाला हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोकाही मोठा असतो. पण पायासाठी सर्वांत गुणकारी ठरले ते चालणे. आठवड्यातून निदान तीनदा, कळ चांगली जाणवेपर्यंत चालायचे, थांबायचे, कळ गेली की पुन्हा चालायचे, असे अर्धा ते पाऊण तास, निदान १२ आठवडे. दुखते म्हणून चालायचे नाही ही आपली स्वाभाविक बुद्धी, आणि इथे तीच मोडावी लागते. याने चालण्याचे अंतर खरोखर वाढते; दादाचे वाढले. ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी फुग्याने धमनी रुंद करणे, स्टेंट किंवा बायपास हे मार्ग आहेत. पायाच्या बायपाससाठी सर्वांत चांगली नळी रुग्णाची स्वतःची मोठी सॅफेनस शीर असते, म्हणजे ज्या शिरेने मला छळले तीच. ती काढून उलटी फिरवून जोडतात, नाहीतर आतल्या झडपा मोडून घेतात, कारण सरळ जोडली तर तिच्या निरोगी झडपाच खाली जाणारे रक्त अडवतील.

एका गोष्टीला मात्र आपल्या सवडीने दाखवून चालत नाही, ती म्हणजे खोल शिरेतली गुठळी. रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही तिची तीन कारणे एकोणिसाव्या शतकातले जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखली जातात. मोठी शस्त्रक्रिया, प्लास्टर, दीर्घ अंथरूण, कर्करोग, गर्भारपण आणि बाळंतपणानंतरचे आठवडे, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, चार तासांहून लांबचा बसून प्रवास, यांत या तिन्हींपैकी काही ना काही घडत असते. एकाच पायाला अचानक आलेली सूज, पोटरीत दुखणे, पाय गरम व लालसर होणे, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि तोवर पाय चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर श्वास लागतो, छातीत टोचते, खोकल्यातून रक्त पडते, माणूस कोसळू शकतो. रक्त पातळ ठेवणारी औषधे निदान तीन महिने घ्यावी लागतात. हेपॅरिनची इंजेक्शने, वॉरफरिन आणि अलीकडच्या रिव्हॅरॉक्सॅबान, अपिक्सॅबान या गोळ्या ही त्यांतली प्रमुख. ही औषधे गुठळी वाढू देत नाहीत, ती विरघळवण्याचे काम शरीर स्वतः करते, म्हणून बरे वाटले की बंद करण्याची ही औषधे नव्हेत. डाव्या पायात गुठळी अधिक वेळा होते, कारण ओटीपोटात उजवीकडे जाणारी धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून ओलांडून जाते आणि तिला मणक्यावर दाबते.

दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर शिरांच्या आधी हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉईड यांचा विचार करतात. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिनने अनेकांचे घोटे सुजतात, आणि ती सूज उतरवण्यासाठी लघवीच्या गोळ्या देऊन विशेष उपयोग होत नाही. डॉक्टरांना विचारून औषध किंवा मात्रा बदलणे हाच उपाय. रसवाहिन्यांची (लिम्फच्या नलिकांची) सूज ओळखायची तर पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी त्वचा चिमटीत धरून पाहतात; ती उचलता आली नाही तर संशय पक्का होतो.

शेवटी रक्तस्रावाविषयी, कारण हे माहीत नसल्यामुळे माणसे प्राण गमावतात. घोट्याजवळ त्वचा पातळ होऊन जांभळा फोड दिसत असेल, तर तिथली शीर गरम पाण्याने अंघोळ करताना किंवा किरकोळ धक्क्याने फुटू शकते, आणि उभ्या माणसाच्या शिरेतल्या दाबामुळे रक्त चिळकांडीसारखे उडते. दुखत नाही, म्हणून वयस्कर माणसाच्या ते लक्षातही येत नाही. खुर्चीवर बसून राहू नये आणि गुडघ्याच्या वर दोरी किंवा रुमाल आवळून बांधू नये. त्याने परतीची वाट अडून रक्त अधिकच वाहते. लगेच जमिनीवर आडवे व्हावे, पाय हृदयापेक्षा उंच, खुर्चीवर किंवा भिंतीला टेकवून धरावा आणि स्वच्छ कापडाने नेमक्या त्या जागी बोटांनी सलग १० ते १५ मिनिटे दाबून ठेवावे, मध्ये उचलून पाहू नये. एवढे केले की रक्त बहुधा थांबते. दाबूनही ते वाहतच राहिले, चक्कर येऊ लागली किंवा रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल, तर दाब न सोडता रुग्णवाहिका बोलवावी. रक्त थांबले तरी त्यानंतर काही दिवसांतच डॉप्लर करून त्या जागेला रक्त पुरवणारी शीर बंद करून घ्यावी, कारण एकदा फुटलेली जागा पुन्हा फुटते.